डाव्या हाताचं माप

...आणि वर विचारतात काय, तर ‘दुखायचं का हो?’ पस्तीस वर्षं झाली, तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं हा एकच प्रश्न! किराणा आणायला जा, चर्चच्या जेवणाला जा, कुणाच्या मयताला जा... माणूस शवपेटीकडं बघत बघत माझ्या कानाशी येणार आणि हळूच, दुखायचं का रे ओरेस्ट? परवा तर दातांचा डॉक्टर! माझं तोंड उघडं, त्याचा अर्धा पंजा आत, दुसऱ्या हातात ती पक्कड, आणि हा विचारतोय, तेव्हा मारामाऱ्या करताना फार दुखायचं का म्हणून. अरे बाबा, तेव्हाचं राहू दे, आत्ता दुखतंय! पण बोलणार कसा? नुसती मान हलवली. त्याला वाटलं, मी नाही म्हणतोय. खूश झाला, आणि ओढला दात.

पण एकानं, अहो एका माणसानं तरी कधी विचारावं ना, की ओरेस्ट, तू हॉकी खेळायचास कसा? स्केटिंग कसं होतं तुझं? गोल मारलास का कधी? छे! गावच्या रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, भिंतीवर पाटी लावलीय, आमच्या लार्क हिलमधून वरच्या लीगमध्ये कोण कोण गेले त्याची. तिघं गेले. एकाच्या नावापुढं लिहिलंय ‘आघाडीचा खेळाडू’, दुसऱ्याच्या नावापुढं ‘बचावपटू’, आणि माझ्या नावापुढं? एक मूठ काढलीय! चित्र! रंगवणाऱ्याला म्हटलं, बाबा, शब्द संपले होते का? तर म्हणतो, लोकांना पटकन कळतं. मला खेळायचं होतं हो!

आता तुम्ही म्हणाल, खेळायचं होतं तर खेळायचं, कुणी अडवलं होतं? सांगतो. कॅनडातल्या सस्कॅचवानमधलं आमचं गाव, माणसं दोनशे, गव्हाची कोठारं चार. नोव्हेंबर लागला की बाबा मागच्या अंगणात नळीनं पाणी सोडायचे, सकाळी उठून बघावं तर बर्फ तयार. गॅरेजच्या दारावर मी रोज दोनशे वेळा पक मारायचो. पक म्हणजे ती काळी रबरी चकती, जिच्यामागं आमचा अख्खा देश धावतो ती. रोज दोनशे! दाराला असा खळगा पडला, की आई म्हणायची यात मला पेरोगीचं, त्या आमच्या उकडलेल्या करंज्यांचं, पीठ मळता येईल. वेगानं मारत नसेन, पण नेम धरून मारायचो बघा. उजव्या कोपऱ्यात म्हटलं की उजव्या कोपऱ्यात.

आणि मग मी वाढलो. तिथंच घोटाळा झाला. सतराव्या वर्षी सहा फूट चार इंच, आणि हे हात... बघा, हे आता सुकलेत, तेव्हा बघायला हवे होते. ज्युनियर संघात होतो. आमच्या एका चिमुकल्या खेळाडूला समोरच्यानं काठी घालून पाडलं, मी गेलो त्याला ‘असं करू नये’ म्हणून सांगायला, त्यानं हात उचलला, मीही उचलला. एकदाच, हो! तो खाली बसला. बसला तो बसलाच. आणि प्रेक्षक उभे राहिले. हजारभर लोक, उभे राहून ओरडतायत, आणि मी बावळटासारखा मागं वळून बघतोय, की गोल कुणी मारला! त्या दिवसापासून माझ्या काठीकडं कुणी बघितलंच नाही. काय ते हातांकडं.

तेव्हा प्रत्येक संघात एक असा ठेवलेलाच असायचा. संघातली गोल मारणारी नाजूक मंडळी असतात ना, त्यांचा राखणदार. त्यांना कुणी हात लावला, की आपण जायचं, हातमोजे टाकायचे, ठोसाठोशी करायची, मग पंच येऊन सोडवणार आणि दोघांनाही पाच-पाच मिनिटं काचेच्या खोलीत बसवणार. शिक्षा! झालं काम. पुढं वरच्या लीगमधला आमचा कोच डुगन, सभ्य माणूस, बायबल वाचणारा, त्यानं मला ‘मार’ म्हणून एकदाही सांगितलं नाही. मागनं येऊन खांद्यावर दोन बोटं ठेवायचा आणि म्हणायचा, ‘ओरेस्ट, जरा जाऊन ये.’ दूध आणायला पाठवल्यासारखं! गेलो की समोरचाही माझ्यासारखाच, कुणीतरी पाठवलेला. तो विचारायचा, ‘करायचं का?’ मी म्हणायचो, ‘करू.’ ‘आई बरी आहे का?’ ‘बरी आहे. तुझं बाळ?’ ‘दात येतायत.’ धाड! हसू नका, असंच असायचं. भांडण कुठं होतं ते? आमच्यात रीत होती. पडलेल्याला मारायचं नाही. मागनं जायचं नाही. समोरचा विचारतोय, त्याला गरज आहे, तर नाही म्हणायचं नाही. आणि हेल्मेट काढून ठेवायचं, का, तर समोरच्याची बोटं आपल्या हेल्मेटवर फुटू नयेत! आपलं डोकं उघडं ठेवायचं, त्याच्या बोटांसाठी. एवढी माणुसकी मी चर्चमध्ये बघितली नाही.

तर असा मी वर गेलो. चोवीस वर्षांचा. वरच्या लीगमध्ये किती सामने, तर सतरा. त्यात बर्फावर किती वेळ, तर सगळा मिळून एकेचाळीस मिनिटं. आणि काचेच्या खोलीत? एकशे अठरा मिनिटं! घ्या! खेळापेक्षा जवळजवळ तिप्पट बसलोय मी. तिथला दार उघडणारा म्हातारा शेवटी शेवटी माझ्यासाठी घरनं सॉसेज आणायचा.

आणि आईची गंमत ऐका. आई रेडिओ लावून बसायची, विणकाम घेऊन. मारामारी सुरू झाली, की रेडिओ बंद. बघवत नाही म्हणतात तसं तिला ऐकवत नव्हतं. आणि रेडिओवाला माझं नाव घेणार कधी? मारामारीतच ना! म्हणजे मुलगा एवढ्या वर पोचला, देशभर नाव झालं, आणि आईनं ते एकदाही ऐकलं नाही. फोनवर विचारायची, ‘आजसुद्धा तुला खेळवलं नाही का रे?’ काय सांगणार? डोळा सुजलेला, ओठाला सहा टाके, आणि मी म्हणायचो, ‘नाही गं आई. उद्या खेळवतील.’

आणि खरंच आला हो तो उद्या! सोळावा सामना. आमच्या तिसऱ्या फळीतले दोघं जायबंदी झाले, एकाचा घोटा, एकाचं गालफड, आणि डुगन मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘उद्या तुला फळीत खेळवतो. नीट खेळ. जमलं तर पुढंही बघू.’ नीट खेळ! अहो, सात वर्षांत हा शब्द मला पहिल्यांदा कुणी वापरला. फोन लावला घरी. म्हटलं, आई, उद्या काही झालं तरी रेडिओ बंद करायचा नाही. तिनं विचारलं, काही झालं तरी म्हणजे? म्हटलं, काही नाही, उद्या तुझा मुलगा खेळणार आहे.

आता दुसऱ्या दिवशी समोरचा संघ कुणाचा? एल्डनचा. एल्डन म्हणजे माझा... काय सांगू कोण, शेजारच्या गावचा, ज्युनियरला दोन वर्षं आम्ही एकाच घरी, एकाच खोलीत राहिलो, पोटमाळ्यावर. घोरायचा असा, की छपरावरचा बर्फ पडायचा. आईबाप लवकर गेलेले, एक थोरली बहीण, बेरिट, तिनंच वाढवलेला. आणि तोही तिकडं तेच करत होता, जे मी इकडं. राखणदारी. तोपर्यंत आम्ही एकमेकांशी कधी लागलो नव्हतो. ठरवून टाळलं होतं.

सकाळी सरावाला दोन्ही संघ पाठोपाठ असतात. मी स्केटच्या नाड्या आवळत बसलोय, स्वारी आली, शेजारी बसली. इकडचं तिकडचं बोलला. मग खाली बघून म्हणाला, ‘ओऱ्या, आज मला एक मारामारी दे.’

म्हटलं, आज नको रे. आज मला खेळवणारेत.

म्हणाला, ‘सोमवारी मला खालच्या लीगमध्ये पाठवतायत. नवा पोरगा आणलाय त्यांनी. आज काही दिसलं नाही तर संपलं माझं.’

आणि मग सांगितलं, उजवा खांदा गेलाय. महिना झाला. कोचला माहीत नाही, डॉक्टरला माहीत नाही, बेरिटलाही नाही. हात डोक्यावर जात नाही, केस डाव्या हातानं विंचरतोय. म्हणाला, ‘दुसरा कुणी असला तर खांदा उपटून हातात देईल माझ्या. तू असलास तर जमेल.’

आता बोला! तुम्ही काय केलं असतं? आमच्यात नाही म्हणत नाहीत, हे सांगितलंच. पण रीत राहू द्या बाजूला, एल्डन होता तो. म्हटलं, बरं. पहिल्या भागातच उरकून टाकू, म्हणजे पाच मिनिटं बसून मला पुढं खेळता येईल. अर्धं मिनिट, तू दोन-चार लगाव, मी दोन-चार लावतो, पंच येतील, झालं. तो हसला. म्हणाला, बेरिटनं बिस्किटं पाठवलीयत तुझ्यासाठी, सामना झाला की देतो.

आता इथं नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. मी नेहमी काय करायचो? डाव्या हातानं समोरच्याची जर्सी धरायचो, त्याच्या उजव्या खांद्याशी, आणि उजव्यानं मारायचो. पण एल्डनचा उजवा खांदाच तर गेलेला! तिथं धरून ओढलं असतं तर मेला असता वेदनेनं. दिवसभर मी खोलीत बसून विचार करतोय, आणि शेवटी माझ्या या टाळक्यात प्रकाश पडला. म्हटलं, उलटं करू. उजव्यानं त्याची डावी बाजू धरू, आणि डाव्या हातानं मारू. डाव्या हातानं मला पावाला धड लोणी लावता येत नाही, त्यानं काय लागणार आहे त्याला! मी इतका खूश झालो, तुम्हाला सांगतो, आरशासमोर उभं राहून स्वतःची पाठ थोपटली.

सामना सुरू. सहा मिनिटं झाली. एल्डन माझ्यासमोर येऊन उभा. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘करायचं का?’ म्हटलं, करू. हातमोजे टाकले. आणि त्यानं हेल्मेट काढलं. त्याला समोर काच होती, जाड. ती माझ्या बोटांना लागू नये म्हणून डाव्या हातानं पट्टा सोडून, हळूच काढून, बर्फावर ठेवलं त्यानं. टाकलं नाही, ठेवलं. मीही काढलं. लोक उभे. मी उजव्यानं धरला. त्यानं डाव्यानं दोन लगावले, बरे होते. मी एक मारला, हुकला. अजून एक, कानाला चाटून गेला. सगळं ठरल्यासारखं. पंच निघाले होते आमच्याकडं. म्हटलं, एक शेवटचा, दिसायला.

माझ्या उजव्या हाताला माप होतं हो. सात वर्षांचं माप होतं. किती जोर काढला की ओठ फुटतो, किती काढला की नुसता आवाज येतो, सगळं त्या हाताला ठाऊक. डाव्या हाताला काय माहीत? त्याला कुणी शिकवलं होतं? तो आपला गेला... जेवढा होता तेवढा गेला. हनुवटीवर. एल्डनचे डोळे पडायच्या आधीच कुठंतरी गेले, हात सुटले, आणि तो सरळ मागं, अख्खा, डोकं बर्फावर. त्याचा आवाज मी तुम्हाला काढून दाखवणार नाही. बाकी सगळ्यांचे काढतो.

आणि सोळा हजार लोक! सोळा हजार, उभे, माझं नाव घेतायत, ओ-रेस्ट, ओ-रेस्ट! आयुष्यात एवढा गजर कधी झाला नव्हता माझा. मी गुडघ्यावर बसलो त्याच्याशेजारी, तर त्यांना वाटलं मी मिरवतोय, अजूनच ओरडायला लागले. त्याला म्हणतोय, ए, ऊठ रे, एल्डन, झालं, ऊठ. पंचानं मला काखेत धरून उचललं. पाच मिनिटं! बस काचेत! काचेतनं बघतोय मी, स्ट्रेचर आणलं, चौघांनी उचलला, एक हात खाली लोंबतोय. उजवाच. त्या म्हाताऱ्यानं सॉसेज काढून पुढं केलं. मी ते हातात धरून बसलो. आणि तिकडं आई. काही झालं तरी बंद करू नको म्हणून सांगितलं होतं ना? तिनं नाही केला बंद. तिनं सगळं ऐकलं, माझं नाव, तो गजर, आणि मग रेडिओवाला हळू आवाजात म्हणाला तेही, की तो हलत नाहीये. पुढं मला एवढंच म्हणाली, ‘तुझं नाव फार मोठ्यानं घेत होते रे.’ बाबांनी दुसऱ्या दिवशी रेडिओ कोठारात नेऊन ठेवला.

पण डुगन! डुगन खूश! काचेतनं बाहेर आलो तर खांद्यावर दोन बोटं, आणि म्हणतो, ‘जा. खेळ आता.’ दिलेला शब्द पाळला बघा माणसानं. उतरलो. तिसऱ्या फळीत. मला खेळायचं होतं हो... आणि मी खेळत होतो! आणि ऐका, चवथ्याच मिनिटाला कुणाचा तरी फटका गोलरक्षकाच्या पायाला लागून पक बाहेर आला, सुळकन, थेट माझ्या काठीपाशी. गोलरक्षक आडवा. समोर पूर्ण जाळी उघडी, उजवा कोपरा. गॅरेजचं दार! डोळे मिटून मारला असता तरी गेला असता. आणि मी बघत होतो त्या फाटकाकडं, जिथनं एल्डनला नेलं. कुणी बाहेर येऊन काही सांगतंय का, म्हणून. पक काठीखालनं निघून गेला. मागं कुणीतरी शिवी दिली. मला कळलंही नाही, रात्री चित्रफीत दाखवली तेव्हा कळलं, की गोल एवढा जवळ होता.

सतराव्या सामन्यात डुगन म्हणाला, ‘जरा जाऊन ये.’ गेलो. समोरच्यानं विचारलं, ‘करायचं का?’ आणि माझ्या हातातनं हातमोजेच निघेनात! म्हणजे निघत होते, मीच धरून ठेवले होते. म्हटलं, आज नको रे. तो बिचारा गोंधळला. असं कुणी म्हणतच नाही ना! परत येऊन बाकावर बसलो. सोमवारी मला खाली पाठवलं. एल्डनला पाठवणार होते त्याच गावी, त्याच संघात; दोन्ही संघांची खाली पाठवलेली माणसं तिथंच खेळायची. महिनाभरानं मी तिथनंही घरी आलो. संपलं. आता गावच्या रिंकवर बर्फ सपाट करायचं यंत्र चालवतो. रोज तीन तास बर्फावर असतो, अख्ख्या लीगमध्ये एवढा वेळ कुणाला मिळत नसेल, आणि कुणी अंगावरही येत नाही.

एल्डन? आहे की. जिवंत आहे. एकोणीस दिवसांनी डोळे उघडले त्यानं. बेरिटकडं असतो, इथनं चाळीस मैलांवर. चालतो, बोलतो, पत्ते खेळतो, फसवतोसुद्धा. पण काही गोष्टी गेल्या त्या गेल्या, आणि काही आल्या त्या भलत्याच आल्या. बेरिट मला पहिली दोन वर्षं दारात घ्यायची नाही. बरोबरच आहे. मी गाडीत बसून राहायचो. मग एका रविवारी उणे पस्तीस होतं, ती बाहेर आली, काचेवर टकटक केलं, म्हणाली, ‘आत ये. तू इथं गोठून मेलास तर तुलाही मलाच सांभाळावं लागेल.’ तेव्हापासून दर रविवारी जातो. दुपारी दोन ते चार.

पहिल्या दिवशी मी तयारी करून गेलो होतो हो. सगळं सांगायचं, माफी मागायची, डाव्या हाताचं सांगायचं. बसलो समोर. म्हटलं, एल्डन, त्या दिवशी... तर तो पुढं झाला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि म्हणाला, ‘ओऱ्या, मनाला लावून घेऊ नकोस. मला तुला एवढ्या जोरात मारायचं नव्हतं.’

मी बेरिटकडं बघितलं. ती खिडकीतनं बाहेर बघत होती.

त्याच्या डोक्यात तसंच आहे बघा. तो जिंकला, मी पडलो, लोक त्याचं नाव घेत होते. आणि मी? मी सांगितलं का त्याला खरं? दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा तो असा काही कळवळून बघायला लागला, की हा बिचारा काय बरळतोय! मग सोडून दिलं. दर रविवारी विचारतो, ‘आठवतंय का तुला, कसा पडलास?’ मी म्हणतो, आठवतंय. ‘डाव्यानं मारला होता मी. उजवा खांदा गेला होता ना माझा.’ म्हटलं, हो रे, काय डावा होता तुझा! खूश होतो. एकदा मी ओट्यापाशी पाणी प्यायला उठलो, तर मागं बेरिटला समजावत होता, हळू आवाजात, मला ऐकू येऊ नये म्हणून, ‘त्याच्यावर चिडत जाऊ नकोस गं. तेव्हापासून त्याचं असंच आहे. दर रविवारी येतो आणि तेच तेच बोलतो. येऊ दे. जातंय काय आपलं?’

मी पाणी प्यायलो. अजून एक ग्लास प्यायलो.

गेल्या रविवारी वादळ होतं, आठवत असेल तुम्हाला, समोरचं कोठार दिसत नव्हतं, रस्ते बंद. नाही जाता आलं. बरोबर सव्वादोनला फोन. एल्डन. पस्तीस वर्षांत त्यानं कुणाला स्वतःहून फोन लावलेला नाही, बेरिट म्हणते आकडे लावायलाच वीस मिनिटं लागली. ‘कुठायस?’ म्हटलं, घरी, रस्ता बंद आहे. ‘तुझ्याजवळ कोण आहे?’ म्हटलं, कुणी नाही. तर म्हणाला, ‘घाबरू नकोस. खुर्चीत बस. आज रविवार आहे. तुझं नाव ओरेस्ट. शेगडी बंद आहे का, ते बघून ये, मी थांबतो.’

काय करणार? गेलो, बघितली, बंद होती. येऊन सांगितलं त्याला, बंद आहे म्हणून. ‘शाब्बास,’ म्हणाला. आता वादळ असो नाहीतर काही असो, मी जातो. नाही गेलो की उगाच त्याच्या जिवाला घोर लागतो.